दापोलीच्या पानावरच्या निळ्या रेघा

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

दापोलीजवळ आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. मी आणि आमचे हे, दोघंच बघतो. दोन वर्षांपूर्वी गावातल्याच एका मुलाकडून वेबसाइट करून घेतली. दर बदलायचे असले की मी स्वतःच लॅपटॉपवरून बदलते, बाकी सगळं तो सांभाळतो.

महिनाभरापासून माझ्या लॅपटॉपवर आमचीच साइट उघडली की काही इंग्रजी शब्दांखाली दुहेरी निळ्या रेघा येतात. बीच, रूम, फॅमिली अशा शब्दांखाली. बाण तिथे नेला की भलत्याच हॉटेलांच्या जाहिराती उघडतात. माझ्या मोबाईलवर हे दिसत नाही, पुण्याला मुलीच्या कॉम्प्युटरवरही दिसत नाही. पण गेल्या आठवड्यात नाशिकच्या एका पाहुण्यांनी फोन केला, "तुमच्या दरांच्या पानावर दुसऱ्या हॉटेलांच्या लिंक कशा?"

त्या मुलाला विचारलं तर म्हणतो, "काकू, मी काहीच केलेलं नाही." मला पटलं नाही. त्याचे यंदाचे देखभालीचे 8,000 रुपये मी थांबवले, आणि रागाच्या भरात चार लोकांत बोललेही. आमचे हे म्हणतात पोलिसात तक्रार देऊ. भाचा म्हणतो, साइटवर 'कनेक्शन सुरक्षित आहे' असं येतं, म्हणजे बाहेरून कोणी काही केलेलं नाही, हा उद्योग त्या मुलाचाच. या भाच्यानेच मला लॅपटॉपमध्ये काही सोयी टाकून दिल्या होत्या: स्क्रीनचा फोटो काढायची, पीडीएफ जोडायची आणि खरेदीची कुपनं शोधायची. दिवाळीची बुकिंग सुरू झाली आहेत. काय करू?

— दापोलीची एक वाचक

उत्तर

नमस्कार ताई,

आधी पोलिसांचं सांगते. तक्रार देऊ नका. तुम्ही लिहिलेल्या खुणा जुळवून पाहिल्या तर बोट त्या मुलाकडे जात नाही, तुमच्या लॅपटॉपकडे जातं. साइटच्या मूळ कोडमध्ये कोणी काही घातलं असतं तर ते तुमच्या मोबाईलवरही दिसलं असतं आणि मुलीकडेही. हॅक झालेल्या साइटवर कधी कधी ठरावीक लोकांनाच काही दिसेल अशी लबाडी केलेली असते, म्हणून नुसत्या तर्कावर थांबायचं नाही. पुढे सांगते ती तपासणी करा. पाच मिनिटांचं काम आहे आणि ती झाली की तुम्हाला माझ्याही शब्दावर विसंबून राहावं लागणार नाही. नाशिकच्या पाहुण्यांचं काय, हा प्रश्न राहतोच. त्याचंही उत्तर आहे, पण ते नंतर. कारण ते सगळ्यात नाजूक आहे.

भाच्याने टाकून दिलेल्या त्या 'सोयी' म्हणजे ब्राउझरची एक्स्टेन्शन्स. ब्राउझर म्हणजे क्रोमसारखा, साइट उघडायचा प्रोग्रॅम, आणि एक्स्टेन्शन म्हणजे त्याला वरून जोडलेली छोटी पुरवणी. ती टाकताना एक छोटी चौकट येते आणि तिच्यात एक वाक्य असतं: सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे. आपण सगळे ते न वाचताच 'अ‍ॅड करा' दाबतो. या वाक्यातला 'बदलणे' हा शब्द अगदी शब्दशः घ्यायचा असतो. तुम्ही कुठलंही पान उघडलंत की ते सर्व्हरवरून, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते त्या कॉम्प्युटरवरून, तुमच्या ब्राउझरमध्ये येतं, आणि ज्याला ही परवानगी आहे ते एक्स्टेन्शन त्या पानात स्वतःचा कोड चालवू शकतं. शब्द शोधू शकतं, त्याभोवती लिंक गुंडाळू शकतं, असलेली लिंक बदलू शकतं, रिकाम्या जागी जाहिरात बसवू शकतं. तुम्ही रकान्यात टाइप करता तेही वाचू शकतं. पान तुमचंच असतं, वरचा पत्ताही तुमचाच, पण मजकूर दुसऱ्याने हात फिरवलेला.

भाच्याचं 'कनेक्शन सुरक्षित'बद्दलचं म्हणणं म्हणूनच अर्धं बरोबर आहे. सर्व्हरपासून तुमच्या ब्राउझरपर्यंतच्या वाटेत पान कोणी फोडलं नाही, एवढीच ती ग्वाही आहे. रजिस्टर पत्राची लाख शाबूत आली. पण पाकीट घरात आल्यावर, तुमच्या हातात पडायच्या आधी घरातल्याच कोणी ते उघडून चार ओळी घुसडल्या, तर त्याला पोस्टमन काय करणार? एक्स्टेन्शन हे घरातलं असतं. तो मुलगासुद्धा त्याच्या बाजूने हे पुरतं थांबवू शकत नाही, कितीही चांगली साइट बांधली तरी.

आता तपासणी. क्रोममध्ये इन्कॉग्निटो खिडकी उघडा: कंट्रोल आणि शिफ्ट धरून एन दाबा. काळ्या रंगाची खिडकी येईल. आपण मुद्दाम परवानगी दिलेली नसेल तर या खिडकीत एक्स्टेन्शन्स चालत नाहीत. तिथे तुमच्या साइटचं मुख्य पान उघडा. दरांचं पान आत्ता नको. रेघा गेल्या? मग गुन्हेगार एक्स्टेन्शनांमध्येच आहे, हे जवळजवळ नक्की.

पण तुम्ही एका मुलावर आळ घेतला आहे, तेव्हा 'जवळजवळ'वर थांबू नये असं मला वाटतं. नेहमीच्या खिडकीत परत या. मुख्य पानावर ज्या शब्दाखाली दुहेरी रेघ आहे, समजा 'बीच', त्याच्यावर उजवं बटण दाबून 'इन्स्पेक्ट' निवडा. बाजूला कोडची एक पट्टी उघडेल आणि नेमकी त्या शब्दाचीच ओळ ठळक झालेली असेल. त्यात 'बीच'च्या आधी आणि नंतर लिंकचा कोड चिकटलेला दिसेल, बहुधा अनोळखी पत्त्यासकट. हे तुमच्या ब्राउझरमध्ये या क्षणी असलेलं पान. आता ती पट्टी बंद करा आणि कंट्रोल धरून यू दाबा. नवा टॅब उघडेल, त्यात सर्व्हरने पाठवलेला कोड असेल, त्या मुलाने लिहिला तसा, कोणाचा हात लागायच्या आधीचा. कंट्रोल धरून एफ दाबा आणि तोच शब्द शोधा. तो तिथे साधा, मोकळा असेल. वाक्यात नुसता बसलेला, मागेपुढे काही नाही.

दोन्ही पडद्यांचे फोटो मोबाईलने काढून ठेवा. का, ते शेवटी सांगते.

या दोन गोष्टींतला फरक मला फार उशिरा कळला, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. काही वर्षांपूर्वी माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर काहीही शोधलं की निकाल भलत्याच पानावरून फिरून यायचे. वीजबिलाचं पान शोधावं तर वर दोन-तीन अनोळखी दुवे. मी नेट जोडून देणाऱ्या मुलाला तीन वेळा बोलावलं. तिसऱ्या वेळी त्याला जिन्यात उभं करून, शेजारी ऐकत असताना, नको ते बोलले. राउटरही नवा घेतला. शेवटी निघालं काय, तर मीच टाकलेलं स्क्रीनचा फोटो काढायचं एक एक्स्टेन्शन. तोवर त्या मुलाने आमच्या इमारतीचं काम सोडलं होतं. तुमचं पत्र वाचताना 'चार लोकांत बोललेही' या शब्दांवर मी बराच वेळ थांबले, ते त्यामुळे.

तुमच्या मनात येईल की कुपन शोधायचं किंवा फोटो काढायचं साधं साधन असं का वागेल, आणि टाकलं तेव्हा तर सगळं ठीक चालत होतं. इथेच खरी मेख आहे. ती कळावी म्हणून एक उदाहरण देते, आणि ते आपल्याच देशातलं आहे.

अमित अगरवाल हे तंत्रज्ञानावर लिहिणारे आपल्याकडचे जुने, विश्वासू नाव. त्यांनी 2013 च्या सुमारास फीडलीसाठी, म्हणजे वेगवेगळ्या साइटवरचे लेख एका जागी वाचायच्या सेवेसाठी, एक छोटं क्रोम एक्स्टेन्शन लिहिलं. तासाभराचं काम होतं ते. 30,000 च्या वर लोक ते वापरू लागले. मग कोणीतरी ते विकत मागितलं, चार आकडी रक्कम देऊ केली, आणि त्यांनी विकून टाकलं. महिनाभराने नव्या मालकाने अपडेट सोडलं. नवी सोय काही नाही, जुनी चूकही दुरुस्त केलेली नाही, नुसत्या जाहिराती आल्या होत्या. त्याही डोळ्यांना दिसणाऱ्या नव्हत्या. लोक ज्या ज्या साइटवर जातील तिथल्या लिंका मागच्या मागे बदलून त्यांत दलालीच्या लिंका घातल्या जात होत्या. अगरवाल यांनी जानेवारी 2014 मध्ये हे सगळं स्वतः लिहून जाहीर केलं, विकणं चूक होती असं म्हटलं आणि वापरणाऱ्यांची माफी मागितली. त्यानंतर गूगलने ते एक्स्टेन्शन काढून टाकलं.

त्या 30,000 लोकांपैकी एकानेही नवीन काही बसवलं नव्हतं, कुठलं बटण दाबलं नव्हतं. एक्स्टेन्शन्स आपोआप अपडेट होतात. आधीपेक्षा मोठी परवानगी लागणार असेल तर क्रोम एक्स्टेन्शन थांबवून तुम्हाला विचारतं. पण 'सर्व साइट वाचणे आणि बदलणे' ही परवानगी पहिल्याच दिवशी दिलेली असेल, तर नव्या मालकाला विचारायची गरजच काय? सगळं आधीच मिळालेलं असतं.

आपल्या कोकणात मुंबईकर गावच्या घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून जातात. शेजारी चांगला, पावसात कौलं बघतो, दिवा लावतो. उद्या त्याने स्वतःचं घर विकलं आणि खुंटीवरची तुमची किल्ली तशीच राहिली, तर ती नव्या मालकाच्या हातात. तुम्हाला कोणी कळवत नाही. एक्स्टेन्शनच्या बाबतीत हेच होतं, आणि म्हणून 'आम्ही टाकलं तेव्हा चांगलं होतं' या म्हणण्याला अर्थ उरत नाही. क्रोमच्या ज्या ऑनलाइन दुकानातून एक्स्टेन्शन्स घेतो, तिथले चार-साडेचार तारेसुद्धा जुन्या मालकाच्या काळात लोकांनी दिलेले असतात, ते नव्याच्या खात्यावर चालू राहतात.

'द ग्रेट सस्पेंडर' नावाचं एक्स्टेन्शन असंच होतं. न वापरलेले टॅब झोपवून कॉम्प्युटर हलका ठेवायचं, 20 लाखांच्या आसपास लोकांकडे होतं. 2020 मध्ये मालकी बदलली, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलने त्यात घातक कोड आहे म्हणून ते बंद केलं.

आणि विकावंही लागत नाही, चोरताही येतं. 2017 च्या ऑगस्टमध्ये क्रिस पेडरिक या विकसकाला फसवी मेल आली, त्यातून त्याच्या खात्याचा ताबा गेला आणि वेबसाइट बनवणाऱ्यांमध्ये फार लोकप्रिय असलेलं त्याचं 'वेब डेव्हलपर' हे एक्स्टेन्शन जाहिराती घुसवू लागलं. दहा लाखांवर लोक ते वापरत होते, आणि त्यांतले बहुतेक कोड लिहिणारे, जाणकार लोक! तुम्हाला यातलं काही कळलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. 2024 च्या नाताळात तर सायबरहेवन या कंपनीचं एक्स्टेन्शन याच रीतीने गेलं. क्रोमच्या दुकानाकडून आल्यासारखी मेल, 'तुमचं एक्स्टेन्शन नियम मोडतं म्हणून काढून टाकू', घाबरून एका कर्मचाऱ्याने दाबलं, आणि सुमारे 4 लाख लोकांसाठी भलतीच आवृत्ती दुकानात चढली. डोळा होता फेसबुकवर जाहिराती देणाऱ्यांच्या खात्यांवर. ही कंपनी लोकांची माहिती सुरक्षित ठेवण्याचंच काम करते. कंपनीला दुसऱ्या दिवशी कळलं आणि कळल्यावर तासाभरात त्यांनी ती आवृत्ती खाली उतरवली. पण अपडेट आपोआप जातात, तेव्हा मधल्या वेळात जायचं ते गेलेलंच होतं.

या सगळ्यात पैसा कसा मिळतो, हेही कळायला हवं. तुमच्या पानावरच्या त्या रेघेवर कोणी दाबलं आणि दुसऱ्या हॉटेलची खोली घेतली, तर ज्याने रेघ घातली त्याला दलाली. जागा तुमची, पाहुणा तुमचा, कमाई तिसऱ्याची. ज्या हॉटेलची जाहिरात दिसते त्यालाही बहुतेक वेळा पत्ता नसतो की आपली जाहिरात कुठे आणि कशी लावली जाते आहे, कारण मध्ये दोन-चार दलाल असतात. 2015 मध्ये गूगलने बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर याचा अभ्यास केला. गूगलच्या साइटवर येणाऱ्यांपैकी 5 टक्क्यांहून जास्त लोकांच्या ब्राउझरमध्ये असं जाहिरात घुसवणारं काही ना काही होतं, आणि त्यांतल्या निम्म्यांकडे दोन किंवा जास्त. तेव्हा 192 फसवी एक्स्टेन्शन्स बंद केली, ती 1 कोटी 40 लाख लोकांकडे बसलेली होती. त्यानंतर क्रोमने नियम बरेच आवळले आहेत. एक्स्टेन्शनने बाहेरच्या सर्व्हरवरून ऐन वेळी कोड आणून चालवायचा नाही, असाही आता नियम आहे. पण 'वाचणे आणि बदलणे' आहे तिथेच आहे. ते काढलं तर चांगली एक्स्टेन्शन्सही चालणार नाहीत. जाहिराती अडवणाऱ्याला किंवा पासवर्ड भरून देणाऱ्याला ती परवानगी बहुतेक वेळा लागते.

आता साफसफाई.

क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत 'एक्स्टेन्शन्स' आहे, तिथून व्यवस्थापनाचं पान उघडा. जे जे दिसेल त्याची यादी कागदावर लिहा. भाच्याने तीन टाकली म्हणता, पण यादीत पाच निघाली तर नवल नाही. मग सगळी बंद करा आणि साइट ताजी करून बघा. एकेक चालू करत गुन्हेगार शोधता येतो, पण काही एक्स्टेन्शन्स चालू केल्यावर दोन-चार दिवस गप्प बसतात आणि मग कामाला लागतात. तुमच्यासाठी मी वेगळं सांगेन: शोधत बसू नका. सगळीच काढून टाका. स्क्रीनचा फोटो विंडोजमध्ये मुळातच काढता येतो, विंडोजचं बटण आणि शिफ्ट धरून एस दाबलं की झालं. पीडीएफ महिन्यातून कितीदा जोडता? आणि कुपनं शोधणाऱ्याचा तर धंदाच हा आहे की तुम्ही कुठे काय खरेदी करता ते बघायचं. वाचलेल्या पन्नास रुपयांसाठी तेवढी किंमत देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

काढताना 'काढून टाका' दाबा. नुसतं चिन्ह लपवू नका. लपवलेलं एक्स्टेन्शन चालूच असतं. काढलेलं पुन्हा आपोआप आलं, किंवा काढायचं बटणच दाबता येत नाही आणि 'तुमच्या संस्थेने बसवले आहे' अशा अर्थाचं काही येतं, तर थांबा. घरच्या लॅपटॉपला कुठली संस्था? याचा अर्थ विंडोजमध्ये बसलेला एखादा प्रोग्रॅम ते पुन्हा पुन्हा आणून ठेवतो आहे. अशा वेळी जाणकाराकडून लॅपटॉप साफ करून घ्या. आणि तुमच्या गूगल खात्याने सिंक चालू असेल, तर त्याच खात्यावर उघडलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरही ही एक्स्टेन्शन्स पोचलेली असू शकतात. मुलीकडे कधी स्वतःच्या खात्याने क्रोम उघडलंत का, आठवून बघा.

सगळं काढल्यावर एक सोपी खातरजमा: मराठी विकिपीडिया उघडा. 1 मे 2003 ला, महाराष्ट्र दिनी सुरू झालेला हा विश्वकोश आजही एकही जाहिरात घेत नाही. देणगीचं आवाहन तेवढं कधी कधी दिसतं. विकिपीडियावर हॉटेलची, औषधाची, कर्जाची जाहिरात दिसली, तर ती तुमच्याच मशिनमधून आली असं खुशाल समजा. विकिमीडिया फाउंडेशनने 2012 मध्येच लोकांना हे सांगितलं होतं, तेव्हाही कारण अशीच एक्स्टेन्शन्स होती.

आता नाशिकचे पाहुणे. तुम्ही दर स्वतः बदलता, असं पत्रात सहज लिहून गेलात. माझ्या मते सगळा उलगडा त्या एका ओळीत आहे. तुम्ही साइटच्या आत जाऊन दरांचं पान बदलायला उघडता तेव्हा ते पानही ब्राउझरमध्येच उघडतं. एक्स्टेन्शनला 'वाचायचं पान' आणि 'लिहायचं पान' यांत फरक करायचं कारण नाही. त्याने तिथेही 'रूम' शब्दाभोवती आपली लिंक गुंडाळली. समजा, तुम्ही 2,200 चे 2,600 केलेत आणि 'सेव्ह' दाबलं. तुमच्या आकड्याबरोबर त्याच्या लिंकाही सेव्ह झाल्या, थेट साइटवर, कायमच्या. म्हणून बाकीची पानं तुमच्या लॅपटॉपपुरतीच बिघडलेली आणि दरांचं पान मात्र सगळ्यांना तसं दिसणारं. मुलीने ते पान उघडलं नसणार, मुख्य पान बघून 'ठीक आहे' म्हणाली असणार. मोबाईलवर दरांचं पान उघडून बघा, तिथेही आता त्या लिंका सापडतील.

हे पाप एरवी चांगल्या, उपयोगी एक्स्टेन्शनांकडूनही नकळत घडतं. इंग्रजीच्या चुका दाखवणारी साधनं शब्दांभोवती आपल्या खुणा लावायची आणि त्या खुणा लोकांच्या लेखांत सेव्ह होऊन जायच्या, हे वेबसाइट चालवणाऱ्यांनी भरपूर पाहिलेलं आहे.

एक्स्टेन्शन काढल्याने हे पान आपोआप सुधारणार नाही. ते हातानेच दुरुस्त करावं लागेल, आणि मजकुराच्या दृश्य रूपात नाही, कोडच्या रूपात, कारण काही लिंका डोळ्यांना दिसतही नाहीत. तो मुलगा बहुधा महिनाभरापूर्वीची जुनी प्रत परत आणू शकेल, आणि मग तुम्ही फक्त आकडे पुन्हा भरायचे. क्रम मात्र चुकवू नका: आधी लॅपटॉप साफ, मग पान. उलट केलंत तर पुढच्या 'सेव्ह'ला पुन्हा तेच.

पासवर्डचंही बोलायला हवं. जाहिराती घुसवणारं प्रत्येक एक्स्टेन्शन पासवर्ड चोरतंच असं नाही. पण ज्याला सगळं वाचायची परवानगी होती त्याने काय वाचलं, हे आता सांगता येत नाही. म्हणून ईमेल, साइटचं लॉग-इन, बुकिंग येतात ती खाती, बँक, हे चार पासवर्ड बदला. लॅपटॉप साफ झाल्यावर किंवा मोबाईलवरून बदला, आधी नको. आणि पासवर्ड बदलला की बऱ्याच खात्यांत 'सर्व डिव्हाइसवरून लॉग-आउट' असा पर्याय असतो, तोही दाबा. आपण लॉग-इन झालेलो असतो याची एक खूण ब्राउझरमध्ये राहते. ती खूण कोणी उचलली असेल तर काही ठिकाणी पासवर्ड बदलूनही तो आत राहू शकतो. सायबरहेवनच्या प्रकरणात अशाच खुणांवर डोळा होता. बँकेचं महिन्याभराचं पासबुक नजरेखालून घाला. अनोळखी व्यवहार दिसला तर मात्र क्षणभर थांबू नका, 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावा आणि बँकेलाही कळवा. रेघा आणि जाहिराती एवढंच असेल तर त्याची गरज नाही.

इथून पुढे एक सवय लावून घ्या. क्रोममध्ये दुसरं प्रोफाइल तयार करता येतं, वरच्या गोल चित्रावर दाबून. एका प्रोफाइलमधली एक्स्टेन्शन्स दुसऱ्यात येत नाहीत. त्या दुसऱ्याला 'कामाचं' असं नाव द्या, त्यात एकही एक्स्टेन्शन नको, आणि साइटचे दर, बँक, बुकिंगची मेल फक्त तिथेच. देवघरात चपला घालून जात नाही तसं. नेहमीच्या प्रोफाइलमध्ये एखादं हवंच असेल तर त्याच्या तपशिलात साइटचा अ‍ॅक्सेस 'क्लिक केल्यावर' असा करा, म्हणजे तुम्ही बोलावल्याशिवाय ते कुठल्याही पानात शिरणार नाही. बरीच एक्स्टेन्शन्स तशीही नीट चालतात.

आणि आता तो मुलगा. फोटो काढून ठेवा म्हटलं होतं, ते त्याच्यासाठी. त्याला घरी बोलवा. फोनवर उरकू नका. दोन्ही फोटो समोर ठेवा आणि सांगा की तुझ्या कोडमध्ये काही नव्हतं, चूक आमच्याकडे होती. थांबवलेले 8,000 त्याच वेळी हातात द्या, आणि दरांचं पान दुरुस्त करायचे पैसे वेगळे, कारण ते देखभालीतलं काम नाही. तुम्ही चार लोकांत बोललात. ते चार लोक कोण होते ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनाही तुमच्याच तोंडून कळू द्या, त्याने जाऊन सांगावं अशी वेळ आणू नका. गावात अशी कामं एकाच्या शब्दावर दुसरीकडे मिळतात. दापोलीसारख्या ठिकाणी वेबसाइट करणाऱ्या मुलाकडे नावाशिवाय दुसरं भांडवल काय असतं? दिवाळीच्या आधीच्या या दिवसांत कोणी त्याला नवं काम देताना हात आखडता घेतला असेल, तर तो दोष तुमच्या एका वाक्याकडे येतो. कडक लिहिते आहे, पण तुमच्या पत्रातच मला तुमची चुटपुट दिसली, म्हणून लिहिते आहे. तुम्हाला मनातून खात्री असती तर मला विचारलं नसतंत.

तुमचे हे तक्रार द्यायला निघालेत, त्यांना कंट्रोल-यू दाबून साधा, मोकळा 'बीच' दाखवा. त्यांचंही समाधान होईल.

नाशिकच्या पाहुण्यांना फोन करून कळवल्याबद्दल आभार माना आणि पान सुधारलं की सांगा. त्यांनी वेळेवर सांगितलं नसतं तर हे दिवाळीभर चाललं असतं. आणि भाच्याला आजच सांगा. त्याने तुम्हाला जे टाकून दिलं ते त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर असणारच, आणि तुमच्यासारखं आणखी कोणाकोणाला टाकून दिलं असेल ते त्यालाच ठाऊक. त्या प्रत्येकाला फोन करायचं काम त्याच्याकडे द्या.